एकतीस जेवणं

जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी
माझ्या वहीत तीन लाख चाळीस हजारांचं भोक होतं.

पंधरा हजार डॉलरची स्पर्धा,
म्हणजे व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी.
ती बांधायलाही
पंच लागतात, निरीक्षक लागतो, तो विमानानं येतो,
चेंडूंचे डबे, फिजिओ, बर्फ,
आणि फाटकापाशी दिवसभर उभी रुग्णवाहिका,
जिचा ड्रायव्हर पहिल्याच सकाळी विचारतो,
"मॅडम, ह्यात कोण पडतंय काय?"

डिसेंबरभर मी दारं वाजवली.
शाहूपुरीतल्या अडत्यानं पाच हजार दिले
आणि गुळाचा एक रवा, पिशवीसकट.
दूध संघानं ताक कबूल केलं, रक्कम नाही.
एका बिल्डरनं विचारलं, टीव्हीवर दिसणार का?
मी खोटं बोलले नाही,
आणि चहा आलाच नाही.

शिरोलीला, फाउंड्रीत, अण्णाप्पा मगदूम
भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले,
"बघायला किती माणसं येत्यात?"
"फायनलला दीडशे."
"आणि पहिल्या फेरीला?"
"आमचा मार्कर दस्तगीर. तुम्ही आलात तर तुम्ही."
हसले. "आमचा बा जोड बघायला
खासबागेत उन्हं उतरायच्या आधी जाऊन बसायचा."
चेक दिला नाही.
पण आले.

तीन नंबरच्या कोर्टाकडेला
प्लास्टिकच्या खुर्चीत एकटेच,
कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर मोबाइल पालथा.
समोर बल्गेरियाचा इव्हायलो,
वय सव्वीस, रँकिंग अकराशे बारा,
लॉजच्या खोलीत स्वतःच तारा भरणारा,
डाव्या बुटाला चवड्याशी चिकटपट्टी.
तांबड्या मातीवर तो घसरत जायचा,
मागं लांब ओरखडा राहायचा.
सहा-चार, सहा-सात, पाच-सात.
दोन तास एक्कावन्न मिनिटं.
टाळ्या तीन माणसांच्या.
बॉलबॉयलाही वाजवायच्या होत्या,
त्याच्या दोन्ही हातांत चेंडू होते.

"ह्याला किती मिळालं?"
कर कापून साडेदहा हजार.
"आणि यायला किती लागलं?"
मी गप्प बसले, त्यांना आकडा कळला.
धंद्याचा माणूस.
"जेवणाचं?"
खोली आजच्या रात्रीपुरती, म्हटलं,
उद्या अकराला किल्ली परत, मग धारवाडची बस.
जेवण नियमात नाही.

दस्तगीर रोलर ओढत आला.
मगदूमांच्या आजोबांच्या भट्टीतला तो,
कडेला नाव ओतलेलं, अर्धं झिजलेलं.
त्यांना ठाऊकच नव्हतं, दस्तगीरनं दाखवलं.
अक्षरांवरून बोट फिरवलं,
एक मात्रा गेली होती, तिथं थांबलं.

मग म्हणाले,
"पडलेल्या पैलवानाला आमच्यात
कुणी उपाशी धाडत नव्हतं.
बॅनर नको. नाव तर नकोच.
जो हरंल त्याचं त्या रात्रीचं जेवण माझं.
काल हरले त्यास्नी बी बोलवा."

बत्तीस खेळाडू, म्हणजे एकतीस जेवणं.
पंधरा वर्षं हिशेब लिहितेय,
स्पर्धा या बाजूनं कधी मोजली नव्हती.
जिंकणाऱ्यानं तेवढं स्वतःच्या पैशानं जेवायचं.

इव्हायलोनं पांढऱ्या रश्शाची वाटी
दोन्ही हातांत धरली, आधी वास घेतला.
तिसऱ्या वाटीनंतर विचारलं,
पुढच्या वर्षी स्पर्धा आहे ना?
मी म्हटलं, बघू.

भोक भरलं नाही.
मार्चमध्ये क्लबची ठेव मोडली,
दोघांनी राजीनामे दिले, एकानं परत घेतला.
आणि ऑडिटर व्हाउचरवर पेन ठेवून म्हणाला,
जेवणं एकतीस, बरोबर,
देणगीदाराचा रकाना रिकामा कसा?

मी त्याच्यासमोरच लिहिलं:
लोखंडी रोलर, जुना, नग एक.